जुन्या गेमिंग पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड घेताय? मग कार्ड सगळ्यात शेवटी निवडा

कोणतं कार्ड घेऊ, हा प्रश्न सगळे पहिल्याच दिवशी विचारतात, पण तुमच्या कॅबिनेटच्या आत काय बसलंय हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर कोणालाच नीट देता येणार नाही. पीसी सहा-सात वर्षांचा किंवा त्याहून जुना असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), प्रोसेसर, मदरबोर्डचा स्लॉट, कॅबिनेटमधली जागा आणि मॉनिटर या गोष्टीच आधी ठरवून टाकतात की कुठली कार्डं चालतील आणि कुठली नाही, मग उरलेल्या दोन-तीनातून निवडणं अगदी सोपं जातं. म्हणून इथे तोच क्रम ठेवलाय, आधी पीसी तपासायचा आणि कार्डाची नावं नंतर. घाई असली तरी मधल्या पायऱ्या गाळू नका, विशेषतः एसएमपीएसची.

पायरी १: खरंच कार्डच कमी पडतंय का ते बघा

एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, ते दोन्ही टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं). सेटिंगमध्ये जाऊन जीपीयू युसेज (कार्डाची चिप किती टक्के कामात आहे), प्रत्येक कोअरचा सीपीयू युसेज (म्हणजे प्रोसेसरचा), व्हीरॅम (कार्डातली मेमरी), रॅम, टेंपरेचर आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) एवढं स्क्रीनवर दिसेल असं करा. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतात. आणि जो गेम अडकतो तोच, जिथे अडकतो तिथेच, पंधरा-वीस मिनिटं खेळा.

जीपीयू युसेज सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड आपल्या परीने पूर्ण जोर लावतंय, नवीन कार्डाने फरक पडणार. पण जीपीयू ५०-६० टक्क्यांवरच रेंगाळतोय आणि तरीही एफपीएस कमी आहेत, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडतोय आणि कार्ड त्याची वाट बघत बसलंय. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, सीपीयूचा एकूण आकडा ५५ टक्के दिसला म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे असं नाही, चारपैकी एक कोअर १०० टक्क्यांवर अडकलेला असू शकतो आणि गेमला तो एकच पुरतो अडवायला. म्हणून तर कोअर वेगवेगळे दाखवायला सांगितले.

तरीही शंका असेल तर अजून एक टेस्ट करा. गेममध्ये एका जागी उभे राहा, १०८० पी वर एफपीएस बघा, मग रिझोल्यूशन ७२० पी करून त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून परत बघा. समजा ४५ चे ७० झाले तर अडचण कार्डाची. ४५ चे ४७ झाले तर प्रोसेसरची, कारण रिझोल्यूशन कमी केल्याने कार्डाचं काम कमी होतं, प्रोसेसरचं तेवढंच राहतं. वेबसाइटवर प्रोसेसर आणि कार्ड टाकून बॉटलनेक (कोण कोणाला अडवतंय) किती टक्के ते सांगणारे कॅल्क्युलेटर असतात, त्यावर माझा अजिबात भरवसा नाही, कारण प्रत्येक गेमचं गणित वेगळं असतं आणि ही टेस्ट तुमच्या पीसीवर, तुमच्या गेममध्ये होते.

याच आकड्यांत अजून दोन गोष्टी दिसतील. ८ जीबी रॅम काठोकाठ भरलेली असेल तर झटके तिथून येतायत, आणि एकच रॅम स्टिक असेल तर तशीच दुसरी टाकून ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकत्र काम करतात) केलं तरी बऱ्याच गेम्समध्ये चांगला फरक पडतो. दुसरं म्हणजे टेंपरेचर. जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट सुकलेली असते, पंख्यात धूळ गच्च बसलेली असते, कार्ड गरम होऊन स्वतःच स्पीड कमी करतं. अशा कार्डाला आधी साफ करून, पेस्ट बदलून बघा, कदाचित अजून वर्षभर निघेल.

पायरी २: प्रोसेसर किती झेपवेल

इंटेलचे चार कोअर चार थ्रेडवाले (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं) आय५, म्हणजे ४४६०, ६५००, ७४०० वगैरे, नवीन ओपन वर्ल्ड गेम्समध्ये दमतात, सरासरी एफपीएस बरे दिसतात पण मध्येच झटके बसतात. त्याच पिढ्यांचे आय७ आठ थ्रेडमुळे जरा जास्त तग धरतात, ६० एफपीएसचं लक्ष्य असेल तर मध्यम कार्ड त्यांना चालून जातं. तिसऱ्या पिढीचा किंवा त्याआधीचा इंटेल असेल तर एव्हीएक्स२ नावाची सोय त्यात नाहीच (ती चौथ्या पिढीपासून, २०१३ ला आली), आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत, मग कार्ड कितीही भारी लावा. अशा पीसीत मोठं कार्ड घालू नका, खरंच. घ्यायचंच असेल तर असं घ्या जे पुढे नवीन पीसीत काढून लावता येईल.

रायझन १६०० किंवा २६०० वाले मात्र नशीबवान आहेत. एएम४ (रायझनचा सॉकेट) बोर्डवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० सारखा प्रोसेसर बसतो, बोर्ड तोच, रॅम तीच. फक्त आधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तुमच्या अगदी त्याच मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट बघा. टेस्टमध्ये प्रोसेसर अडवतोय असं निघालं असेल तर आधी हेच करा आणि कार्डासाठी थोडं थांबा, मी तरी हाच सल्ला देईन.

पायरी ३: एसएमपीएस, इथे वेळ द्या

कार्ड नवं आणलं, लावलं, आणि गेम सुरू झाल्यावर दहा मिनिटांत पीसी धप्पकन बंद, ही तक्रार आली की संशय पहिला एसएमपीएसवर घ्यायचा. स्वस्तातल्या एसएमपीएसच्या डब्यावर ५०० वॅट मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण ते न वाचता कॅबिनेटचं झाकण उघडून त्याच्या अंगावरचा स्टिकर वाचायचा. त्यात +१२ व्होल्ट असा रकाना असतो आणि त्याखाली अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच लाइनवर चालतात. समजा तिथे २५ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले २५ म्हणजे ३०० वॅट, हीच तुमची खरी ताकद, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवलेले असतात ज्यांचा कार्डाला काही उपयोग नाही. कधी १२ व्होल्टच्या दोन-तीन लाइन वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्यांची बेरीज करू नका, एकत्र किती वॅट देतो ते खाली छापलेलं असतं तेच धरा.

आता हिशोब करा. प्रोसेसर गेममध्ये साधारण ६५ ते ९० वॅट, पंखे-डिस्क-बोर्ड मिळून ५० वॅट धरा, त्यात कार्डाचे वॅट मिळवा. १३० वॅटचं कार्ड असेल तर बेरीज २७० च्या आसपास गेली, म्हणजे वरच्या ३०० वॅटमध्ये ते जेमतेम बसतंय, आणि कार्डं क्षणभरासाठी स्वतःच्या आकड्याच्याही वर उसळी मारतात, त्यामुळे जेमतेम म्हणजे नकोच. बेरीज १२ व्होल्टच्या ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आत राहिली तर निवांत. त्यात एसएमपीएस आठ-दहा वर्षं चाललेला असेल तर मी तो बदलाच म्हणेन, भले आकडे जुळत असोत, कारण आतले कपॅसिटर वयाने कमजोर होतात आणि तो जाताना सोबत बोर्ड आणि नवं कार्डही घेऊन जाऊ शकतो.

कनेक्टर बघा. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत मिळतात, ६ पिनवाल्या केबलमधून अजून ७५ आणि ८ पिनवाल्यातून १५०. तुमच्या एसएमपीएसला ६+२ पिनची केबल आहे का ते शोधा, नसेल तर तो मुळात गेमिंग कार्डासाठी बनवलेलाच नाही. साटा पॉवरला (डिस्कसाठीची पॉवर केबल) ८ पिन जोडणारे कन्व्हर्टर मिळतात, ते कृपया वापरू नका. साटा कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ५४ वॅट आहे आणि त्यातून १५० ओढायला गेलात तर तो वितळतो, पेटूही शकतो. प्रोसेसरसाठीची ४+४ पिनची केबल दिसायला तशीच असते पण वायरिंग वेगळं, ती कार्डात दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. आणि मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या केबल नव्याला लावू नका, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलतो आणि त्यात हार्डवेअर जळतं.

ऑफिसमधले ब्रँडेड पीसी घेऊन गेमिंग करणाऱ्यांनी जास्त सांभाळा, त्यांच्यात एसएमपीएस लहान असतो, बऱ्याचदा त्याचा आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचे स्वतःचेच, बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. अशांनी वेगळी पॉवर केबल न लागणारं कार्डच बघायचं.

पायरी ४: स्लॉट आणि बायोस

पीसीआयई स्लॉट (मदरबोर्डवर कार्ड बसतं तो) जुना असला तरी नवीन कार्ड त्यात चालतं, ही भीती नको. फरक स्पीडचा. पीसीआयई ३.० व्हर्जनच्या एका लेनमधून (डेटाची एक वाट) सेकंदाला साधारण १ जीबी जातं, ४.० मध्ये त्याच्या दुप्पट. सोळा लेन वापरणाऱ्या कार्डाला ३.० वर काही त्रास नाही, पण आजकालची बरीच स्वस्त कार्डं आठच लेन वापरतात (आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६०) आणि आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार.

एरवी हे जाणवत नाही, जाणवतं व्हीरॅम भरल्यावर. कार्डातली मेमरी संपली की गेम उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवतो आणि तो याच लेनमधून येजा करतो, लेन कमी आणि जुन्या असतील तर तिथे खोळंबा होतो आणि स्क्रीनवर झटका दिसतो. ६५०० एक्सटी च्या बहुतेक मॉडेल्समध्ये व्हीरॅमही ४ जीबीच आणि लेनही चारच, म्हणजे जुन्या ३.० बोर्डवर दोन्हीकडून मार, म्हणून जुन्या पीसीसाठी ते कार्ड मी कोणालाच सांगत नाही. आठ लेनवालं ८ जीबी कार्ड मात्र ३.० वर चालतं, टेक्स्चर एक पायरी खाली ठेवलं की झालं.

बायोसचं थोडक्यात. बोर्ड २०१२ च्या आधीचा असेल, यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) नसेल, तर नवं कार्ड लावल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते, आधी बोर्डाचं शेवटचं बायोस अपडेट टाका आणि त्याच बोर्डवर ते कार्ड कोणाचं चाललंय का शोधा. इंटेलचं आर्क कार्ड घेत असाल तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय बोर्डात असलीच पाहिजे, त्याशिवाय ती कार्डं खूपच मागे पडतात. ही सोय साधारण इंटेल दहावी पिढी आणि रायझन ३००० पासून मिळते, तीही बायोस अपडेट असेल तर. शिवाय आर्कचंच बी५८० हे चांगलं १२ जीबीचं कार्ड असूनही जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा परफॉर्मन्स बराच घसरतो, म्हणून या लेखातल्या पीसींसाठी ते नको.

पायरी ५: टेप घ्या आणि मोजा

स्लॉटच्या मागच्या पट्टीपासून समोरच्या पंख्यापर्यंत किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोजा, मध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा येत असेल तर तिथपर्यंतच धरा. दोन पंख्यांची कार्डं बऱ्याचदा २०० ते २५० च्या दरम्यान, तीन पंख्यांची ३०० च्या आसपास किंवा वरही. लांबी झाली की जाडी, कारण दोन स्लॉटचं म्हणून विकलेलं कार्ड अडीच स्लॉट खातं आणि खालचे साटा पोर्ट झाकले जातात. पॉवर केबल कार्डाच्या कडेतून वर येते, तिला वळायला काचेपर्यंत तीन-एक सेंटीमीटर तरी हवेत.

मॉनिटर कोणता आहे? जुन्याला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डावर तो पोर्टच नसतो, ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. आणि १०८० पी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर १४४० पी साठी बनलेलं कार्ड घेऊन ते अर्ध्या ताकदीवर पळवण्यात काही अर्थ नाही, मॉनिटर पुढे बदलणार असाल तरच तिकडे जा.

पायरी ६: आता कार्ड

इथपर्यंत कागदावर चार गोष्टी लिहून झाल्या असतील: किती वॅट, कोणता कनेक्टर, किती लांबी, प्रोसेसर कोणता. मग यादी आपोआप छोटी होते.

पॉवर केबलच नाही अशांसाठी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी व्हर्जन, ७० वॅटचं, त्याची बहुतेक मॉडेल्स नुसत्या स्लॉटवर चालतात. त्याच्याखाली जीटीएक्स १६५० येतं पण ४ जीबी आता फारच अपुरं पडतं. एक ८ पिन आहे आणि एसएमपीएस मध्यम आहे तर आरएक्स ६६०० (१३२ वॅट) आणि आरटीएक्स ४०६० (११५ वॅट) ही जुन्या पीसीला सगळ्यात सोयीची, वीज कमी, उष्णता कमी, १०८० पी व्यवस्थित. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी व्हर्जन १७० वॅट घेतं, पण सोळा लेन आणि भरपूर व्हीरॅम, त्यामुळे ३.० बोर्डवाल्यांना मला ते मनापासून आवडतं. एसएमपीएस चांगला आहे, प्रोसेसर रायझन ५६०० च्या दर्जाचा आहे आणि कार्ड चार-पाच वर्षं चालवायचंय, तर आरएक्स ९०६० एक्सटी चं १६ जीबी व्हर्जन बघा, तेही सोळा लेनचं. आरटीएक्स ५०६० वेगाने चांगलं आहे, फक्त ८ जीबी आणि आठ लेन हे लक्षात ठेवून घ्या.

नावांवर जाऊ नका, व्हर्जन बघा. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी आणि ८ जीबी यात फक्त मेमरीचा फरक नाही, कोअरसुद्धा कमी आहेत. जीटीएक्स १०६० चं ३ जीबी व्हर्जनही तसंच होतं. जीटी १०३० तर डीडीआर४ मेमरीसोबत आलं तेव्हा आधीच्या जीडीडीआर५ वाल्यापेक्षा कितीतरी मंद होतं, नाव मात्र तेच. दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला पूर्ण मॉडेल नंबर विचारायला लाजू नका.

रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं तंत्र) मला नको, असं बरेच जण म्हणतात, आणि तुम्हाला ते लावायचं नसेल तरी एक अडचण आहे. डूम द डार्क एजेस सारखे गेम (मे २०२५) रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असल्याशिवाय चालतच नाहीत. त्यामुळे जीटीएक्स १०८० टीआय, ११ जीबी असूनही, किंवा आरएक्स ५७०० एक्सटी हे आज घेण्यासारखे नाहीत, ताकद आहे पण दार बंद व्हायला लागलंय. वर एनव्हिडियाने ९०० आणि १० सिरीजसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) आरटीएक्स २०६० पासून पुढे सगळ्यांवर चालतं आणि जुन्या होत जाणाऱ्या कार्डाचं आयुष्य खरोखर वाढवतं. फ्रेम जनरेशनवर (मध्ये जादा फ्रेम बनवून घालणं) मात्र कार्ड ठरवू नका, मूळ एफपीएस ३० असताना ते चालू केलं तर चित्र गुळगुळीत दिसतं पण माउस जड लागतो.

सेकंड हँड घ्यायचं असेल तर

बजेट कमी असेल तर हा चांगला मार्ग आहे, फक्त कार्ड चालू अवस्थेत समोर बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) उघडून नाव, कोअरची संख्या, मेमरी आणि लेन कंपनीच्या माहितीशी जुळवा. जुन्या कार्डाची बायोस बदलून त्याला १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार भरपूर झालेत, जीपीयू-झेड अशांपैकी बरीच खोटी म्हणून ओळखतं. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ एसपी हे कमी कोअरचं व्हर्जनही फिरतं. मायनिंगला (क्रिप्टोकरन्सी मिळवायला) वापरलेलं असेल म्हणून लगेच नाकारू नका, इथेरियमचं जीपीयू मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्येच संपलं, त्यानंतर ते इतका काळ नीट चाललं असेल तर बघण्यासारखं आहे, पण पंख्याचा आवाज ऐका, अर्धा तास गेम चालवून स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकोन येतायत का बघा, आणि हॉटस्पॉटचं (चिपवरची सगळ्यात गरम जागा) टेंपरेचर मुख्य टेंपरेचरपेक्षा ३० अंशांनी वगैरे जास्त असेल तर पेस्ट गेलीय असं समजून किंमत करा.

पायरी ७: लावताना

आधी जुना ड्रायव्हर काढा, कंपनी बदलत असाल तर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू (जुना ड्रायव्हर पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर) वापरा. पीसी बंद, प्लग बाहेर, मग पॉवर बटण एकदा दाबून उरलेली वीज संपवा आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. जुनं कार्ड ओढण्याआधी स्लॉटच्या टोकाला छोटी खिट्टी असते ती खाली दाबा, कार्डाच्या मागे लपलेली असते त्यामुळे बोट पोचत नाही, तिथे प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर घसरला तर बोर्डावर ओरखडा जातो. नवं कार्ड सरळ दाबा, खिट्टी टक् करून वर आली पाहिजे, स्क्रू लावा, ८ पिन शेवटपर्यंत आत गेलाय ना ते पिनच्या बाजूने वाकून बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डाला लावा.

ड्रायव्हर टाकल्यावर जीपीयू-झेडमध्ये लेन तपासा, सोळा लेनचं कार्ड आठवर चालताना दिसलं तर ते नीट बसलेलं नाही किंवा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे. गेम चालू ठेवून बघा, रिकामं असताना कार्ड लिंकचा स्पीड मुद्दाम कमी करतं. मग पहिल्या पायरीत जिथे उभे राहिला होतात त्याच जागी तोच गेम चालवा आणि आकडे शेजारी लिहा. परत करण्याची मुदत संपायच्या आत रोज दोन-तीन तास सलग खेळा, जड गेम, कॅबिनेट बंद ठेवून, कारण पीसी बंद पडणं, ड्रायव्हर क्रॅश होणं, पंखा खरखरणं हे सगळं याच दिवसांत उघडं पडतं. तोपर्यंत खोका, बिल आणि जुनं कार्ड जपून ठेवा.